पर्यटकांसाठीचे नियम

प्रिय ओग्न्यान,

डॉक्टरांनी तुला वाचायला मनाई केलीय, म्हणून हे पत्र स्पासच्या हाती देतेय. तो वाचून दाखवेल. स्पास, आवाज चढवू नकोस, त्याच्या डोक्याला सोसायचा नाही. पण एक शब्दही गाळू नकोस.

मी आणि एलित्सा आईकडे आहोत. तू शेजाऱ्यांना सांगतोयस म्हणे, की नेवेना रुसून माहेरी गेली. रुसायला मी काय नवी नवरी आहे? मी संतापलेय. इतकी, की आईने कणीक मळायला दिली तर तिचा पार चेंदामेंदा केला मी.

त्या रविवारी वखारीमागच्या गोठलेल्या तळ्यावर तू लेकीचं हेल्मेट किती निगुतीने बसवलंस. पट्ट्याखाली बोट घालून पाहिलंस, हलवून पाहिलंस. आणि स्वतःच्या डोक्यावर काय? लोकरीची टोपी! मी म्हटलं तर म्हणालास, "मला काय आज स्केटिंग शिकायचंय?" तू उताणा पडलास तेव्हा डोकं आपटल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. तू उठलास, कपड्यांवरचा बर्फ झटकलास आणि नाटकातल्या नटासारखा वाकून नमस्कार केलास. घरी येताना मात्र सारखा विचारत राहिलास, "गाडी कुठे लावलीय आपण?" आपण चालत गेलो होतो, ओग्न्यान. संध्याकाळी दिवा डोळ्यांना खुपायला लागला. मग उलटी झाली, तर माझ्या घेवड्याच्या सुपाला नावं ठेवलीस. तेच सूप आम्ही दोघींनीही प्यायलं होतं. डॉक्टरकडे चल म्हणून मी विनवण्या केल्या. तर म्हणे, "डोकं लाकडाचं आहे माझं." ते मात्र खरं बोललास.

दर डिसेंबरात तू डोंगरावरच्या बचाव पथकाकडून आमच्या शाळेत नियम सांगायला येतोस. मी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून ऐकत असते. आधी अंग गरम करा, मग बर्फावर उतरा. दमलात की थांबा, कारण हाडं शेवटच्या फेरीत मोडतात. मनगट सुजलं तर मुरगळलंय म्हणून सोडून देऊ नका. आणि डोक्याला मार लागला, गरगरलं, काही आठवेनासं झालं, तर खेळ तिथेच बंद. डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. पोरं तोंडपाठ म्हणतात. सोमवारी सकाळी एलित्साने पाव खाता खाता तुला हेच म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द. तू जॅकेटची चेन ओढत हसलास आणि म्हणालास, "अगं, ते पर्यटकांसाठी असतं."

त्या वाक्यासाठी मी तुला कशी माफ करू ते मला कळत नाहीये.

पुढचं मला स्पासने हॉस्पिटलात सांगितलं. सोफियाहून आलेली ती बाई स्की करताना वळणावर पडली होती, गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला म्हणत होती. तू तिचा पाय सरळ करायच्या फंदात न पडता, होता तसाच फळीला बांधलास, घोंगडी पांघरलीस, तिला धीर दिलास. हात चुकले नाहीत तुझे, म्हणून कुणाला संशय आला नाही. मग तिला घसरगाडीवर घेऊन तुम्ही उतरायला लागलात, पुढे दांड्यांपाशी तू, मागे दोरीला स्पास. आणि अर्ध्या उतारावर तू वळून स्पासला विचारलंस, "आपण कुणाला आणायला चाललोय रे?"

बाई मागे गाडीवर कण्हत होती!

स्पास थांब म्हणून ओरडला, तोवर तुझे गुडघे लुळे पडले आणि गाडी तुला चुकवून देवदारांकडे सुटली. दोरी हातातून निसटली तसा हा गडी आडव्या वाटेने सुसाट गेला आणि गाडीच्या पुढ्यात पडला. बाई वाचली. त्याच्या गळपट्टीच्या हाडाचे दोन तुकडे झाले. आणि पथकाच्या चौकीवर येऊन तू काय सांगितलंस? "बर्फ फार कडक होता." स्पास, तूही मान डोलावलीस. तुझ्यावरही राग आहे माझा. तुझा हात बरा झाला की बोलू.

रात्री तुला उभं राहता येईना, तेव्हा कुठे डॉक्टरकडे आलास. मार कधी लागला असं त्यांनी विचारलं, तर म्हणालास, "आज." मी मध्ये बोलले नसते तर तेही खपलं असतं. मेंदूत रक्तस्राव नाही, हे आपलं नशीब. मेंदूला हादरा बसलाय, अंधारात पडून राहा, डोंगराचं नाव काढू नका, असं त्यांनी बजावलं. आणि जिना उतरता उतरता तू माझ्या कानाशी म्हणालास, "शनिवारी जाईन कामावर. किरीलला काही बोलू नकोस."

आज सकाळी मी किरीलकाकांकडे गेले आणि सगळं सांगितलं. पथकाचे प्रमुख म्हणून ते ओरडतील असं वाटलं होतं. पण नाही. एवढंच म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांचा होकार आल्याशिवाय तो चौकीची पायरी चढणार नाही." बायकोने दगा दिला म्हण. खुशाल म्हण. तुझ्या मागे दोरी धरणाऱ्याला आणि गाडीवर बांधलेल्या माणसाला तुझ्या मर्दपणाचा काय उपयोग?

हे तुला उद्या किरीलकाकांकडून कळलंच असतं. मी लिहायला बसले ते एलित्सामुळे. ती स्केट्सना हात लावत नाहीये. काल आजीच्या कुशीत तोंड खुपसून म्हणाली, "बाबा दमला होता, मीच त्याला ओढत तळ्यावर नेलं. मी हट्ट केला नसता तर स्पासकाकांचं हाड मोडलं नसतं." तू म्हणालास बर्फाची चूक, स्पासनेही तेच म्हटलं. मोठ्यांपैकी कुणीच ती चूक आपली म्हणेना, म्हणून आठ वर्षांच्या पोरीने ती उचलली. तेव्हा बसने ये. गाडी चालवायची नाही. तिला समोर बसव आणि सांग, की चुकलं ते माझं. एवढं एक वाक्य बोलायला डॉक्टरांची परवानगी लागत नाही.

तुझीच, आणि म्हणूनच एवढी चिडलेली,
नेवेना