चौथा गडी

४ सप्टेंबर, गुरुवार
गेले तिघंही! देवानंद, चंदा, खेमा — एकाच दिवशी. फोनमधून झोन गेम काढला आणि रॅपिड टाकला. सांगायलाही कोणी आलं नाही. ग्रुपवर एक ओळ — 'राखीताई, आमी आता रॅपिड खेळून राह्यलो.' बस्स!

तीन वर्षांचा स्क्वाड आमचा. माझ्या सेवा केंद्राच्या शेडखाली बसून, माझ्याच वायफायवर झोन शिकले. कोणी कुठून जायचं, कुठं दबा धरायचा, कधी तुटून पडायचं — सगळे कॉल माझे. मागच्या वर्षी तालुक्याची ढाल आणली ती काय हवेतून? प्रिंटरवर ठेवलेली आहे अजून. आज तिच्यावरची धूळ पुसली आणि मग पुसली म्हणून स्वतःचाच राग आला.

हे चंदाचंच काम. देवानंद तिच्या शब्दाबाहेर नाही, सख्खा भाऊ तिचा. खेमाचं तर काय, तांड्यावर शेजारी राहतात, जिकडे ते दोघं तिकडे तो.

५ सप्टेंबर
शेडखाली मोजलं. केवायसीच्या रांगेतली म्हातारी माणसं सोडून फोनवर खेळणारे एकवीस. झोन — तेरा. रॅपिड — आठ. कोण म्हणतं झोन संपला?

९ सप्टेंबर, मंगळवार
चंदा आता तिचा खेळ लाइव्ह दाखवते. पाहायचं नव्हतं. पाहिलं.

रॅपिडमध्ये चार जण लागतात आणि हे तिघंच! समोर चार, इकडे तीन, मार खातात आणि हसतात. एवढा गाजलेला गेम ना तुमचा, मग एक चौथा मिळेना? मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पण कॉल चंदा देते. आणि काय म्हणते? 'घाई नाई, घाई नाई, आंधी पाय मोजा, मंग दरवाजा.' हे माझं आहे! शब्दन् शब्द माझा! पाय मोजा म्हणजे समोरच्याच्या पावलांचे आवाज मोजा, हे तिला शिकवलं कोणी?

तीनशे चाळीस माणसं बघत होती तिला. माझं लाइव्ह चालू होतं तेव्हा जास्तीत जास्त साठ. त्यात दोन माझेच फोन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आई जेवताना म्हणाली, "काहून गेले, इचारलं काय तू त्याहिले?" मी विचारू? मी का विचारू! सोडून गेलेल्याने सांगायचं असतं.

आणि कारण तरी काय असणार? शेवटच्या दिवसापर्यंत हसतखेळत चाललं होतं. झोनचं नवीन अपडेट आलं, भलं मोठं, खेमाचा जुना फोन मॅचमध्येच अडकायला लागला. आम्ही हरलो. मी म्हणाले, "खेम्या, डबडं फेक ते, नाहीतर तूच उतर." सगळी शेड हसली. खेमा पण हसला. इतकं मोकळं होतं आमचं. आणि दुसऱ्या दिवशी हे!

१३ सप्टेंबर
चंदा दुकानात आली होती. मी फोन कानाला लावून बसले. फोन आलेलाच नव्हता. दहा मिनिटं 'हो का, हो का' करत राहिले, तेव्हा गेली.

१६ सप्टेंबर, मंगळवार
झोन — नऊ. रॅपिड — चौदा. झोनवाल्यांच्या घरचं सोयाबीन सोंगायला, कापायला आलंय म्हणून कमी दिसतात. असंच असणार.

१८ सप्टेंबर
वायफायचा पासवर्ड बदलला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
झोन — दोन. रॅपिड — शून्य. सगळे रस्त्यापलीकडे फुलचंदच्या मोबाइल दुकानाच्या ओट्यावर. तिथून हसण्याचा आवाज इथपर्यंत येतो. जुना पासवर्ड परत टाकला. कोणी परत आलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
रॅपिड टाकून पाहिलं. नुसतं पाहायला, किती भिकार आहे ते.

एवढासा गेम. दोन मिनिटांत उतरला. झोनच्या पाव हिस्साही जागा घेत नाही. चित्रं कार्टूनसारखी. पहिल्याच डावात सात जण टिपले मी. दुसऱ्यात नऊ. हात आपोआप चालत होते. दुपारचे चार कधी वाजले कळलं नाही, बाहेर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला माणूस उभा होता.

काढून टाकला. कोणाला कळता कामा नये.

२८ सप्टेंबर, रविवार
यंदाची तालुक्याची स्पर्धा १२ ऑक्टोबरला, फुलचंदच भरवतो. आज सांगून गेला — "ताई, यंदा रॅपिडच ठेवू. झोनले टीमच भेटून नाई राह्यल्या." मी म्हटलं, दोन्ही ठेव. "दोन टीमची काय स्पर्धा होते बाप्पा!" वर म्हणतो, "फारम तुमीच भरा ऑनलाइन. तुमच्यावानी बिनचूक कोनी भरत नाई."

म्हणजे माझा गेम हाकलायचा आणि त्या दुसऱ्याचे फॉर्म मी भरायचे! हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर मी जळते असं झालं असतं.

जळते का मी? हो. जळते. इथं तरी लिहू दे.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला शेडमधले पुष्कळ आले. ते तिघंही आले. देवानंद पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. खेमा मागेच उभा राहिला, आपट्याची पानं काउंटरवर ठेवून गेला.

दिवाळी झाली की तांड्यावरच्या गाड्या ऊसतोडीला निघतील. हे तिघंही जातील, ते थेट शिमग्याला परत. मागच्या वर्षी गाडीत बसण्याआधी ढालीसोबत फोटो काढला होता आम्ही चौघांनी. यंदा दुसऱ्याच कोणासोबत काढतील.

३ ऑक्टोबर
चौथा मिळाला त्यांना! फुलचंद सांगत होता. "चंदी म्हने, आमचा चौथा गडी लय दमदार हाय, फकस्त अजून आला नाई." कोण? धनजचा असेल कोणी? कारंज्याचा? दिवसभर डोक्यात तेच. दोन दाखल्यांवर नावं चुकवली.

५ ऑक्टोबर, रविवार
आज चंदा कागद ठेवून गेली. टीमचा फॉर्म, घडी घातलेला, वर पिन मारलेली. दुकानात गर्दी होती म्हणून तोंड फिरवता आलं नाही. म्हणाली, "ताई, नीट पाहून भरजा. आमी सोंगनीले चाललो, चार-पाच दिस येनं नाई होत." मी मान हलवली, तिच्याकडे न बघता.

कागद ड्रॉवरमध्ये टाकला. उघडला नाही. उघडला तर चौथं नाव वाचावं लागेल. माझ्या जागेवर कोण बसलं ते मला माझ्याच हाताने टाइप करावं लागेल. नाही होणार माझ्याच्याने. उद्या बघू.

७ ऑक्टोबर, मंगळवार
अकरा टीम भरल्या. ड्रॉवर तीनदा उघडला, तीनदा बंद केला.

८ ऑक्टोबर, बुधवार
शेवटची तारीख, संध्याकाळी पाचपर्यंत. आज चौदा टीम झाल्या.

चार वाजून पन्नासला कागद माझ्या हातात होता. पिन काढायला नख लावलं. मग पलीकडे फुलचंदच्या ओट्यावर एक हास्याचा फवारा उठला आणि मी कागद परत ठेवला.

पाच वाजले. वेबसाइट आपोआप बंद झाली.

मी काही केलं नाही. फक्त केलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार
फुलचंदने यादी ग्रुपवर टाकली. त्यांचं नाव नाही. सकाळपासून मला हलकं वाटतंय. चहा दोनदा घेतला. आता बघू दे तीनशे चाळीस माणसांना काय बघायचं ते! आणि तो दमदार चौथा — त्यालाही बसू दे घरी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
तिघंही आले. सोंगणीवरून थेट, पायाला माती तशीच. मी तयारीत होते. सांगणार होते, गर्दीत राहून गेलं, कागद कुठं पडला कोणास ठाऊक. एकानेही विचारलं नाही.

खेमा खाली बघत होता. देवानंद म्हणाला, "चाल वो चंदे." पण चंदा थांबली. तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज अगदी साधा. "तुमाले नसन खेळाचं तं तसं सांगाचं होतं ना ताई. आमी काई रागावलो नसतो."

आणि गेले.

मी कुठं खेळणार होते? काय बोलली ही?

तोच दिवस, थोड्या वेळाने
पिन काढली.

टीमचं नाव — शेडखालचे. एक नंबरला, कॅप्टन — राखीताई. खाली देवानंद, चंदा, खेमा.

कागदाच्या मागच्या बाजूला खेमाचं वाकडंतिकडं अक्षर — 'ताई, हा गेम माह्या फोनवर चालते. आता माह्यापाई हरनार नाई. तुमची जागा आमी कोनाले देल्ली नाई.'

सह्यांच्या चार जागा. तीन भरलेल्या.