चोपचिनीचे चाळीस दिवस

४ जानेवारी १९५४, परतूर
दुकानात चोपचिनीचं पोतं आलं. चीनचा माल. एकेक मूळ लोखंडी मापावर वाजवून घेतलं. भरीव असलं की टणक बोलतं, किडलेलं धप्प. चांगली निवडून आक्कासाठी अलग ठेवली. इतकी वर्षं सांधेदुखीवर लोकांना दिली, घरात पहिल्यांदाच. लोकांची दळणं दळून जिनं मला वाढवलं, त्या बहिणीला आता न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागतं.

५ जाने.
चूर्ण सुरू. चाळीस दिवस मीठ बंद. आक्का म्हणे, "सोडते. पण तुझ्या बायकोनं माझ्यासमोर लोणचं खाल्लं, तर भांडण होईल बघ!"

१७ जाने.
अळणी भाकरी निमूट खाते. उठताना गुडघे वाजतात. मला ओसरीवर ऐकू येतं.

२४ जाने. विसावा दिवस.
आक्का भिंतीला हात न लावता दारापर्यंत आली! "बघ, तुझ्या मुळीनं उठवलं." बाजाराचा दिवस होता, दुकानात येईल त्याला सांगितलं. बऱ्याच जणांनी चोपचिनी नेली.

३ फेब्रु.
चालते, पण मी समोर असलो की. आडून बघितलं तर भिंत धरूनच. गुडघ्यांचा आवाज तोच. मनात आलं ते लिहीत न्हाई.

९ फेब्रु.
जेवायला लवकर आल्तो. दारात चपला काढताना आतून आक्काचा आवाज, बायकोला सांगत होती,
"त्याला बोलू नकोस गं. दुखणं होतं तेवढंच हाये. साऱ्या गावाला सांगून बसलाय, दुकानात तोंड कसं दाखवील?" मंग हळूच, "चारच दिवस राह्यलेत. खाते अळणी."
खाकरून आत गेलो. मीही वरणात मीठ घेतलं न्हाई.

१० फेब्रु.
वाटूरचा महादू, आईला बैलगाडीत घालून आल्ता. "शेठ, आक्काला गुण आला म्हणतेत. बराबर तीच मुळी द्या." म्हातारी गाडीतूनच म्हणाली, "मीठ म्या सकाळपासूनच सोडलंय, बाबा."
मूळ मापावर वाजवलं. भरीव. मालात खोट न्हाई. पुडीचा कागद घेतला, परत ठेवला.
म्हटलं, "आधी घरी चला. आक्काशी बोला."
गाडी दाराशी थांबली. बैलांच्या घुंगरांनी आक्काला कळलं असावं, कुणीतरी आलंय. आत गुडघे वाजले. उठत होती, दारापर्यंत चालून दाखवायला.
मी बाहेरूनच ओरडलो, "आक्का, बसून राहा! मला ठाऊक हाये."
महादू माझ्याकडं बघायला लागला. त्याची आईही.