शिक्का नसलेली फळी

नांदेड, गुरुवार, संध्याकाळ

लाकूड चोरीचं आहे हे कळल्यावरही मी त्यावर आणखी दोनदा रंधा का मारला?

सकाळी मामा किनवटहून सागवानाची फळी घेऊन आले. धाकटी बहीण वर्षा दहावीला आहे आणि अजून जमिनीवर बसून अभ्यास करते. तिच्यासाठी टेबल करायचं कधीचं मनात होतं. गच्चीवर फळी शिकंज्यात धरली, रंधा फिरवला, तर सालपट तळव्याला ओलं लागलं. बाजारातलं वाळलेलं लाकूड असं नसतं. फळीची दोन्ही टोकं पाहिली. कायदेशीर लाकडावर असतो तो वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का कुठेच नाही.

खाली मामा पोहे खात होते. विचारलं तर हसले. "जंगल काय कुणाच्या बापाचं हाय का? लई शिकली म्हणून आता मामालाच कायदा शिकवून राहिली का गं?"

आई म्हणाली, "भाऊ हाय माझा. गप टेबल कर."

किळस आली. मामांची, आईची, आणि लाकडावरच्या रेषा बघून हरखलेल्या माझी तर जास्तच. मी पदवीधर झाले तेव्हा याच मामांनी गावभर पेढे वाटले होते. साबणाने हात धुतले तरी सागवानाचा वास जात नाही. शिक्का नाही म्हणजे नाही. त्या टेबलावर वर्षाने नागरिकशास्त्र वाचायचं?

दुपारी मामा जेवून गेले. मग मी वनखात्याच्या कार्यालयात फोन करून फळीबद्दल सांगितलं, घराचा पत्ता दिला. कुणी आणली, असं त्यांनी विचारलं. मी मामांचं पूर्ण नाव सांगितलं.