गिरिजाच्या गावचा नाताळ

११ नोव्हेंबर, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत बायकोचा, गिरिजाचा फोन. तिकडे जर्मनीत सकाळचे दहा. म्हणाली, आज संध्याकाळी गावातली मुलं कंदील घेऊन मिरवणूक काढणार. मार्टिन नावाचा कुणी संत, त्याने थंडीत आपला अर्धा झगा कापून भिकाऱ्याला दिला म्हणे.

"अर्धाच?"

"अर्धाच. हिशेबी माणसं आहेत इथली." स्वतःच हसली. ती काम करते त्या वृद्धाश्रमातल्या सगळ्यांना व्हीलचेअरवरून दारात न्यायचं, पाच म्हणजे पाचला. पाऊस आला तरी मिरवणूक थांबत नाही, फक्त सगळे जॅकेट घालतात.

मी शारजातल्या गॅरेजमध्ये लँडक्रूझरखाली आडवा. नोव्हेंबर असून बनियन भिजलेलं. ती हसली तेव्हा बरं वाटलं, फोन ठेवल्यावर वाईट. रूमवर आम्ही सहाजण, पण असलं काही कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथे, या वहीत.

नर्स म्हणून ती जर्मनीला गेली त्याला चौदा महिने झाले. मला इथे अकरा वर्षं. आमची रिद्धी दहा वर्षांची, कुडाळला तिच्या मावशीकडे. एका घरातली तीन माणसं, तीन देशांत.

१ डिसेंबर, सोमवार

तिकडे नाताळाआधी एक पुठ्ठ्याचं कॅलेंडर मिळतं. चोवीस खिडक्या, प्रत्येकीच्या मागे एक चॉकलेट. रोज एकच खिडकी उघडायची. वृद्धाश्रमात फ्राऊ लिंडनर म्हणून एक्याण्णव वर्षांच्या बाई आहेत, गिरिजाचा त्यांच्यावर फार जीव. त्यांनी तिला ते दिलं. गिरिजा सकाळी उपाशीपोटी ड्युटीवर गेलेली – दहा वाजेपर्यंत चोवीसही खिडक्या उघड्या.

बाई दोन तास बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, वाट बघायची असते गं, त्यासाठीच असतं ते.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, अकरा वर्षं नवऱ्याची वाट बघितली. आता चॉकलेटची नाही बघणार."

मी हसलो. नंतर दिवसभर ब्रेक पॅड बदलताना तेच वाक्य डोक्यात.

२ डिसेंबर

इथला राष्ट्रीय दिन, सुट्टी. गाड्यांवर झेंडे, रस्त्यात फेस उडवणारी पोरं. कपडे धुतले.

६ डिसेंबर, शनिवार

काल तिने कामाचे बूट पुसून स्टाफरूमच्या बाहेर ठेवले. आज सकाळी बघते तर आत अक्रोड, एक संत्रं, कागदात गुंडाळलेलं काहीतरी. तिला वाटलं, कुणीतरी कचरा टाकला! तक्रार करायला सुपरवायझरकडे गेली, सगळे पोट धरून हसायला लागले. आज संत निकोलस येतो म्हणे, बूट स्वच्छ असतील तर खाऊ ठेवतो. "चपलांत खायच्या वस्तू," ती म्हणाली. "माझ्या आईला सांगितलं तर मला आंघोळ घालेल."

मग एकदम सांगितलं. तिथली नर्सिंगची परीक्षा पास झाली. नोकरीत कायम करतायत. दोन खोल्यांचं घरही बघून ठेवलंय. "तुम्ही आणि रिद्धी, दोघं या."

"मी येऊन काय करू तिथे?"

"आधी भाषा शिका. गॅरेजं काय, तिथेही आहेत."

"आणि तोवर?"

"तोवर मी आहे ना."

बघू, म्हणालो. तिने फोन ठेवला.

माझं ठरलेलं होतं. अजून दोन वर्षं, मग कुडाळला हायवेवर स्वतःचं गॅरेज. बोर्डावर माझं नाव. आता बायकोच्या घरात बसून भाषा शिकायची.

१० डिसेंबर

फोन नाही. मीही केला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

काल फोन टूलबॉक्सवर उताणा ठेवून काम केलं, वाजला तर दिसावा म्हणून. चुकीचा बोल्ट उघडला. फोरमन तहा म्हणाला, "किसनभाई, ध्यान किधर है?"

ओव्हरटाइम होता म्हणून मी दोन-दोन आठवडे घरी फोन करायचो नाही. तेव्हा ती काय करत असेल, हे कधी मनातच आलं नाही. आज पहिल्यांदा आलं.

१८ डिसेंबर

रिद्धीचा फोन. "बाबा, आपण आईकडे जाणार का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आईने. मी विचारलं, बाबा काय म्हणाले? ती म्हणाली, बघू म्हणाले." मग, "म्हणजे नाही, ना?"

पोरगी मला वर्षातून एक महिना बघते. पण माझी भाषा तिला पाठ आहे.

२४ डिसेंबर, बुधवार

मीच व्हिडिओ लावला. तिची ड्युटी. उचलला आणि भांडलोच नसल्यासारखी बोलायला लागली. यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि ताटात काय? बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. "आपल्याकडे पाहुण्याला असं वाढलं असतं तर सोयरीक मोडली असती." फ्राऊ लिंडनरनी काट्याला टोचलेला सॉसेज कॅमेऱ्यासमोर धरला. मी मान डोलावली.

मग गिरिजा फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये आली. आवाज बदलला. "चार आजोबांकडे आज कुणीच आलं नाही. सकाळपासून कोट घालून बसलेत, मुलं न्यायला येतील म्हणून. आता मला त्यांचे कोट काढायचेत."

तिने मागचं दार लोटून घेतलं.

"येणार असाल तर सांगा. नसाल तरी सांगा. पण मला असं बसवून ठेवू नका."

आतून कुणीतरी हाक मारली. ती गेली.

२५ डिसेंबर

काम चालू. जेवलो नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

तहाच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्याने दोनदा वाचला. विचारलं, "नया काम किधर मिला?"

"मेरे को नहीं मिला," मी म्हणालो. "बीवी को मिला है."