जमनाचं डुलणं

प्रताप नगर, नागपूर
५ सप्टेंबर २०२४

पेपरात तुहं नाव छापून आलं आन् मले ते खालच्या मजल्यावरच्या पायलनं वाचून दाखवलं. जनावरांची डॉक्टरीण आमच्या घरची, आन् घरच्या म्हातारीले बातमी शेजारणीकडून! बागेतल्या जमना हत्तिणीले जंगलातल्या कॅम्पात न्यायचं का नाही, हे तू ठरवून राहिली म्हणे. काहून वं, मले एका शब्दानं इचाराले काय झालं होतं?

चि. ऋतुजाले आजीचे आशीर्वाद. माही तब्येत बरी आहे. फोन करू नको. फोनवर तू पुटपुटते, मी हो हो म्हणते, आन् मंग मी काय कबूल केलं ते मलेच समजत नाही. अक्षर वाकडं आहे, पण तुले वाचता येते.

परवा तान्हा पोळा झाला. इथं बिल्डिंगमधली पोरं लाकडी बैलांसंगं फोटो काढून वर गेली. आपण तांडापेठेत होतो तेव्हा पोरं बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागत, आन् मंग सगळी वरात बागेत. बोजाऱ्यातला पहिला लाडू जमनाचा, हा तुह्या आबाजीचा कायदा. सणाले तरी विणकर माणूस हातमागाच्या खड्ड्यातून वर येई. आम्हाले पाहून जमना जागच्या जागी डुले. आबाजी म्हणे, पोरांसाठी नाचते. तुहा बाप तिच्यासंगं डुलता डुलता बैलावर आपटला आन् समोरचा दात पाडून बसला. इचार त्याले.

आता तिले सुखासाठी हलवता म्हणे. मलेही तुह्या बापानं, चेतननं, सुखासाठीच हलवलं. फरशी अशी का पाय टाकाले भेव वाटते. दिवसभर नवराबायको नोकरीवर, बोलाले काय तं फ्रिज. तो बिचारा मधून मधून गुरगुरते तरी. म्हाताऱ्या जिवाची जागा बदलू नये. तू नाही म्हणून लिहून दे.

तुही आजी,
रुख्माबाई


पारशिवनी
१२ सप्टेंबर २०२४

ती. आजीस,

पाया पडते. आधी कान धरते. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही, आणि त्यानेच जास्त वाईट वाटलं, हे कळलं.

जमनाला मी तपासलं. सिमेंटवर उभं राहून तळव्यांना भेगा पडल्यात, मागच्या पायाला साखळीचा घट्टा आहे. जोडीची हत्तीण मेल्यापासून ती एकटीच आहे. आणि आजी, ती नाचत नाही वं. रानातला हत्ती दिवसभर चालत असतो. जिला चालायलाच मिळत नाही, तिचं चालणं अंगात साचतं आणि उभ्या जागी असं बाहेर येतं. बाबांच्या दातावर खूप हसले, आणि मग हसू थांबलं.

पण तुझं म्हणणं खोटं नाही. महावत श्रीधरकाकाही तेच म्हणतात. या वयात नवं रान, नवी माणसं, ती खाणंपिणं सोडेल अशी त्यांना धास्ती आहे. बाकीच्यांचं अर्धं मत इकडे, अर्धं तिकडे. माझी सही राहिली आहे. तू हो म्हटलंस तर हात हलका होईल. नाही म्हटलंस तर जे योग्य वाटेल ते करीन, पण तुझ्या हातची पाटोडी मला गोड लागणार नाही.

तुझा राग उतरो, माया तेवढी राहो.

तुझी,
ऋतुजा


प्रताप नगर, नागपूर
१८ सप्टेंबर २०२४

पाटोडीची धमकी मले देते? मीच शिकवली तुले ती खायाले. हा राग आधी घे, मंग आशीर्वाद.

मी बागेत जाऊन आली. पायलले ऑटो कराले लावला. जमनापुढं कोणी नव्हतं. पोरं नाही, लाडू नाही. आमच्याकडं पाठ करून उभी होती, तरी डुलतच होती. मंग कोणासाठी नाचत होती वं?

मी तिचे पाय पाहत राहिली, आन् मले तुहा आबाजी दिसला. माग मोडला, त्याचं लाकूडही विकल्या गेलं, तो कपड्याच्या दुकानात बसाले लागला. खुर्चीवर टेकला का पाय सुरू. डावा दाब, उजवा दाब, जशी खाली मागाची पावडीच आहे. हातात काही नाही, समोर सुताचा ताणा नाही, पाय आपले विणून राहिले. गिऱ्हाइकं हसत. मालक म्हणे, मामाले गाणं आठवलं. मी डबा ठेवून घरी येत जावो. ते गाणं नव्हतं, हे मले ठाऊक होतं. हत्तिणीचं मात्र आता समजलं.

पाठव तिले. सही कर.

पण गाडीत टाकून मोकळी होऊ नको. श्रीधरले तिच्यासंगं जाऊ दे, ती तिथं खाऊ लागेपर्यंत. आन् तिच्या वयाची एखादी हत्तीण बाजूले बांध, नाही, बांधू नको, राहू दे. नुसती मोठी जागा घेऊन एकटी काय करते? हे मले इचार. मलेही मोठी जागा देली आहे.

उमरेडले माही धाकटी जाऊ रंभाबाई भिंतीशी बोलत बसते. इथं मागच्या खोलीत तुह्या बापाचं पळायचं मशीन आहे. त्यावर तो पळत नाही, टॉवेल वाळवते. ते काढलं तं दोन म्हाताऱ्या आरामात मावतात.

खात-पीत जाय, रानात एकटी फिरू नको. तुह्यावर माही माया आहे तशीच आहे.

ह्या पत्राचं उत्तर तू देऊ नको. हे पान चेतनले पाठव आन् त्यालेच उत्तर लिहाले लाव. तो बाजूच्या खोलीत झोपते, तरी टपालानंच पाठव.

रुख्माबाई