फेस आला नाही

बाबा,

मायना वगैरे लिहीत नाही, तुम्हाला त्याची कटकटच वाटायची. तुमच्या पायाचं बोट गेलं त्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणजे उशीर झाला असं म्हणायचीही सोय उरलेली नाही. पण काल वर्गात असं काही झालं, की आज रविवार असून चहा तसाच ठेवून मी वही घेऊन बसले.

छाणीच्या शाळेत मी अकरावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. काल बटाट्याच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून दाखवत होते. भसाभस फेस यायला हवा. टाकलं, आणि काही नाही, फोड आपली नुसती ओली. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बेन, आ बटाको खराब छे के शुं?" मी सवयीने म्हणाले, "बटाको नहीं, बाटली." बाटली गेल्या वर्षीची, झाकण सैल, कुणीतरी खिडकीत ठेवलेली. आत जवळजवळ नुसतं पाणीच उरलं होतं. मुलं हसली. मला मात्र आपल्या घरची खिडकी दिसायला लागली.

मी आठवीत आहे, मेची सुट्टी आहे, आणि गुडघा फोडून घेऊन मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसले आहे. तुम्ही कोयलीच्या रिफायनरीतली पहिली पाळी करून नुकते आलात, हात धुऊन पेरॉक्साइडच्या त्या तपकिरी बाटलीचं झाकण उघडताय. गुडघ्यावर पांढरा फेस उसळतो. "हे बघ, जंतू मरतायत." "कुठे? मला नाही दिसत." "नीट बघ, ओरडतायत बिचारे." आई कणीक मळता मळता म्हणते, "आधी तिला खाली उतरवा. ओट्यावर रक्त नको मला."

मला ते जंतू बघायचेच होते. तपकिरी काचेतून काही दिसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी अख्खी बाटली गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतली आणि पश्चिमेच्या खिडकीत, पडद्यामागे ठेवली. काचेला बारीक बुडबुडे चिकटायला लागले. मग एक गंजका खिळा टाकून बघितला, तर खिळ्यापासून बुडबुड्यांची माळच वर निघाली. काय सांगू तुम्हाला, तीन दिवस मी त्या खिडकीतून हलले नाही. चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले, मला कंटाळा आला, खिळा काढला आणि सगळं परत तपकिरी बाटलीत ओतून ठेवलं.

पुढच्याच आठवड्यात करजणच्या लग्नात तुम्हाला नवे बूट चावले. डायबिटीसमुळे पायाला फारसं जाणवायचं नाही, म्हणून तुम्ही रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून बोटावर बाटलीतलं ओतायचात आणि वाकून बघायचात. "फेस नाही. म्हणजे साफ झालं." खूश होऊन सकाळी परत बूट चढवून कामावर. दहा दिवसांनी बोट काळं पडलं. इतके दिवस काय करत होतात म्हणून डॉक्टर चिडले, "काका, आटला दिवस शुं करता हता?" आणि तुम्ही ओशाळून म्हणालात, "फीण नहोतुं आवतुं, साहेब." मी तुमची पिशवी धरून शेजारी उभी होते. फेस का येत नव्हता ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

पुढे मी ह्या एका रेणूच्या मागेच लागले. पाणीच ते, एक ऑक्सिजन जास्तीचा, आणि तो टाकून द्यायची सदा घाई. उजेड लागला, गंज लागला, की टाकलाच. बटाट्यात, रक्तात, यकृतात कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं, ते तर हे काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं. तो फेस जंतूंचा नसतोच बाबा, आपल्याच पेशींनी मोकळा केलेला ऑक्सिजन असतो तो. आणि गंमत म्हणजे पेशी स्वतःही पेरॉक्साइड बनवतात. पांढऱ्या पेशी ते जंतूंवर वापरतात. जखम झाली की तिच्या कडेच्या पेशी ते सोडतात, पांढऱ्या पेशींना बोलावणं धाडायला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा धावत जाऊन तुम्हाला सांगावंसं वाटलं, आणि तुम्ही नव्हतात.

आताचे डॉक्टर तर रोज ओतूच नका म्हणतात, त्याने भरून येणाऱ्या नव्या पेशीही मरतात. म्हणजे तुमच्या जखमेला माझ्या त्या पाण्याने कदाचित काहीच केलं नाही. हे वाचून मी बरेच दिवस स्वतःची समजूत काढली. पण तुम्ही फेसावरून जखम ओळखत होतात. फेस थांबला म्हणून तुम्ही डॉक्टरकडे गेला नाहीत आणि बूट घातलेत. त्याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

ऑपरेशननंतर महिन्याभराने तुम्ही नवी बाटली आणलीत. तिच्यावर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती: "उजेडात ठेवू नये." आणि खाली दुसरी ओळ: "ओतलेलं परत ओतू नये." आई म्हणाली, रिफायनरीच्या लॅबमधून काहीतरी शिकून आलेत. मीही तसंच धरून चालले. पण गुलाबपाण्याची बाटली खिडकीत तशीच पडून होती, तळाशी गंजाचा पिवळा डाग होता, आणि तो पडदा रोज सकाळी तुम्हीच सारायचात. त्यानंतर चौदा वर्षं तुम्ही जरा तिरके चालत राहिलात आणि एका शब्दाने मला विचारलं नाहीत. उलट दहावी झाल्यावर "सायन्सच घे" म्हणालात.

हे पत्र वहीतच राहणार, जाणार कुठे? पण एवढं सांगून टाकते. "बाटलीला तू हात लावला होतास का?" असं तुम्ही कधीतरी विचाराल म्हणून मी चौदा वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. मी "नाही" म्हणणार होते.