त्रेसष्ट दगडी पायऱ्या

सीडर सिटी, २० फेब्रुवारी १९८८

ति. लेग्रँडदादास,
आर्डिथचा सा. न.

तुझं पत्र पोचलं. डॉक्टरांनी डोळ्यांना हिवाळ्यापर्यंतची मुदत दिली. वाईट वाटून झालं असेल तर कामाला लागू. अठराव्या वर्षी बेकार पोरांना काम देणाऱ्या सरकारी छावणीतून दरीत जाऊन तू ज्या त्रेसष्ट पायऱ्या बसवल्यास, त्या तुला एकदा डोळे भरून बघायच्यात ना? जाऊ. तारीख सोमवार, २ मे.

नियम वाच. उजाडताच निघायचं. माणशी चार लिटर पाणी. त्यातली एक बाटली जाताना वाटेत दगडाखाली ठेवायची, चढताना तीच कामाला येईल. खारी बिस्किटं, सुकवलेले जर्दाळू. आणि नऊ वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग पायऱ्या दहा पावलांवर असोत. दरी आधी उतरवते आणि दमल्यावर चढवते. लोक तिथेच फसतात.

वहिनीला नमस्कार. उलट टपाली कळव.
तुझी आर्डिथ

पँग्विच, ६ मार्च

चि. आर्डिथ हिस,
अनेक आशीर्वाद.

निवृत्त झालीस तरी शाळा सुटली नाही तुझी! तुझी वहिनी म्हणते, जहाज बांधताना नोहाने तुला विचारलं असतं तर त्यालाही तू परत मोजायला लावलं असतंस. ती असंही म्हणते की दोन म्हातारे खाली गेले की वर खेचराच्या पाठीवरूनच येणार.

नऊचा नियम मान्य. पण सांगून ठेवतो, नातवंडांचे चेहरे मी पाठ करून घेतलेत. या पायऱ्या तेवढ्या राहिल्यात. बावन्न वर्षांत तिकडे फिरकलो नाही, हा गाढवपणा माझाच. गुडघ्यांची काळजी करू नकोस, कुंपणाला रोज तीन फेऱ्या मारतो.

लोभ आहेच, धाक जरा कमी कर.
तुझा दादा

सीडर सिटी, ५ मे

ति. दादास,
सा. न.

सोमवारी तू घरापर्यंत रागातच आलास. ठीक. पायऱ्या पाऊण मैलावर असताना मी तुला मागे फिरवलं, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा फिरवीन. तुझे ओठ पांढरे पडले होते. सरळ वाटेवर दोनदा अडखळलास. खोदून विचारलं तेव्हा कुठे सांगितलंस की शनिवार संध्याकाळपासून रविवारच्या जेवणापर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नव्हता, आणि त्यानंतरही फक्त पेलाभर दूध.

पण चूक माझी आहे. महिन्याचा पहिला रविवार आपल्या चर्चमध्ये निर्जळी उपासाचा. जन्मभर पाळत आले, आणि बरोबर त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दरी ठरवली! बाटल्या मोजल्या, मैल मोजले, रविवार मोजला नाही. तू डोळ्यांसाठी म्हणून उपास केलास, त्यावर मी काही बोलणार नाही.

उन्हाळ्यात तिथे जाणं वेडेपणा आहे. आता मंगळवार, ११ ऑक्टोबर. फुगून बसू नकोस.
आर्डिथ

पँग्विच, १८ सप्टेंबर

चि. आर्डिथ हिस,
आशीर्वाद.

ओळी वाकड्या असतील. पट्टी ठेवून अंदाजाने लिहितोय. डॉक्टरांची मुदत खोटी ठरली. समोर बघितलं की धुराचा गोळा दिसतो, कडेकडेने थोडं काही कळतं. काल वहिनी समजून शेजारणीला ‘काय गं म्हातारे’ म्हणालो. ती हसली म्हणून निभावलं.

अकरा तारीख खोडून टाक. बघायला जायचं होतं, आता बघणार काय? तुझ्यावर राग नाही. मे महिन्यात होता, तो केव्हाच गेला.

सुखी राहा.
दादा

सीडर सिटी, २३ सप्टेंबर

ति. दादास,
सा. न.

खोडणार नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दरीत गेले. एकटी नाही, वनरक्षकांच्या चौकीवरची एक बाई सोबत होती, त्यामुळे ओरडू नकोस. आठ वाजता पायऱ्यांपाशी होते. तिला पुढे उभं केलं, डावा हात कड्याच्या भिंतीला लावला आणि डोळे मिटून उतरले. हो, मीच. पहिल्या चार जरा भीतभीत. पाचवीनंतर पावलाला पुढची कुठे आहे ते आपोआप कळायला लागलं. सगळ्या एका उंचीच्या, सगळ्या भिंतीकडे किंचित कललेल्या, म्हणजे घसरला तरी माणूस आत पडेल. अठरा वर्षांच्या पोरांनी हे केलं! फक्त एकेचाळिसावी डुगडुगते. ती तुमची नाही, मागाहून कोणीतरी बसवली आहे. हाताने चाचपलीस तर तूच त्याला शिव्या देशील.

पायऱ्यांपर्यंत तू माझ्या खांद्यावर हात ठेवून यायचंस. तिथून खाली पुढे तू, मागे मी. त्या वाटेवर तुला माझी गरज नाही.

अकरा तारखेला, मंगळवारी पहाटे पाचला तुझ्या दारात येते. बूट चढवून बसलेला दिस.

माया कायम, नियमही कायम.
आर्डिथ